आत कोणाला घ्यायचं

दि. ३ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मी इकडे बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? गिरणीतली पोती तू आता स्वतः उचलत नाहीस असं तू सांगतोस आणि उचलतोस असं आई सांगते. मी आईवर विश्वास ठेवला आहे. फोनच करणार होते, पण गिरणी चालू असली की तुला निम्मं ऐकू येतं आणि न ऐकलेल्या निम्म्याला तू हो म्हणून टाकतोस. या वेळी तसला हो मला नको आहे, म्हणून कागद घेतला.

मला नोकरी मिळते आहे. जिथे नर्सिंग शिकले त्याच मोठ्या रुग्णालयात, आणि थेट आयसीयूमध्ये. माझ्या वर्गातल्या मुली म्हणतात की पहिल्याच नोकरीला आयसीयू मिळणं म्हणजे नशीब. दुसरीकडे आपल्या घराजवळच्या लहान दवाखान्यात जनरल वॉर्डातही एक जागा आहे. तिथे गेले तर घरून जाऊन-येऊन काम होईल. महिनाअखेरपर्यंत दोघांनाही कळवायचं आहे.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, तुला हवं ते कर. तिच्या या वाक्याचा अर्थ मी तुला सांगायला नको. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात ती आयसीयूच्या बंद दाराबाहेर बाकावर बसून होती, आणि त्या दाराचं नाव जरी काढलं तरी ती आजही उठून दुसऱ्या खोलीत जाते. आता तिचीच मुलगी त्या दाराच्या आतल्या बाजूला काम करणार.

हेड सिस्टरनी मला एक दिवस वॉर्ड बघायला बोलावलं होतं. सकाळी ड्यूटी बदलते तेव्हा रात्रीची सिस्टर आणि दिवसाची सिस्टर पेशंटच्या उशाशी उभ्या राहतात आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळा पेशंट एकमेकींच्या हवाली करतात. शुद्ध किती, श्वास कसा, कुठे कुठली नळी, पाठीची कातडी कशी आहे, काल घरचं कोण येऊन गेलं. दिवसाच्या सिस्टरने सगळं परत म्हणून दाखवेपर्यंत रात्रीची जागची हलत नाही. मला ते फार आवडलं. पेशंट बेशुद्ध असला तरी कूस बदलण्याआधी त्याला सांगायचं, आता तुम्हाला डावीकडे वळवतोय. एका बेडशी एक सिस्टर, फार तर दोन बेडना एक. मशीनच्या आवाजांची सवय तासाभरात झाली. आपल्या गिरणीपुढे ते काहीच नाहीत. दुपारी विशेष काही घडलं नाही.

मामा, खरं सांगू का? नको जाऊस, असं तू लिहावंस म्हणून हे पत्र आहे. कारणं मी देते. रात्रपाळ्या फार. पेशंट बरा झाला की दुसऱ्या वॉर्डात जातो, तो बरा झालेला आपल्याला दिसतच नाही. शिवाय आईची तब्येत. यातलं हवं ते उचल आणि मला मोठ्या माणसाच्या अधिकाराने नाही म्हण.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझी,
भिंगरी


दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे आणि पोत्यांबद्दल तुझी आई जे सांगते ते खरं आहे.

ताई दोन दिवस झाले गिरणीत येऊन चाळण्या झाडते आहे. चाळण्या स्वच्छच होत्या. आता त्यांना भोकं पडायची वेळ आली आहे. मी काही विचारलं नाही. ती झाडत असताना विचारणाऱ्याला काय उत्तर मिळतं ते तिचा धाकटा भाऊ म्हणून मी लहानपणापासून घेत आलो आहे.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू मागितलेला नकार देण्यासाठीच वाचत होतो, कारण तुला नाही म्हणणं मला सोपं आहे. तू जवळच्या दवाखान्यात यावंस, संध्याकाळी गिरणीत डोकावून माझ्या डोक्यावरचं पीठ झटकावंस, हे मला हवंच आहे. पण माझ्या सोयीला तुझी काळजी असं नाव देऊन ते तुझ्या हाती ठेवणं मला जमेना. सकाळी देवापुढे बसलो तेव्हाही हेच डोक्यात होतं. हो की नाही ते सांग, असं मी त्याला विचारलं. त्याने काही सांगितलं नाही. तो सहसा सांगत नाही, आणि त्याची मला सवय आहे. पण उठता उठता एक गोष्ट लक्षात आली.

तू सकाळ इतकी भरभरून लिहिली आहेस की तो वॉर्ड मला दिसला. दुपार मात्र एका ओळीत संपवलीस. लहानपणी शाळेतून आल्यावर पहिल्या दोन तासांचं सगळं सांगून तू एकदम जेवायला मागायचीस, तेव्हा तिसऱ्या तासाला काहीतरी झालेलं असायचं.

बाळा, तू दिलेली कारणं खोटी नाहीत, पण ती सगळी जणू शेजारून मागून आणली आहेत. रात्रपाळीला तू कधी भ्यायलीस? दुपारी काय झालं ते लिही. मग मला जे वाटेल ते स्पष्ट सांगेन. तोवर माझ्याकडून हो नाही आणि नाहीही नाही.

रागावली असलीस तर राग पत्रातच काढ, मनात ठेवू नकोस. जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझा,
मामा


दि. १४ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला, हसू आलं आणि रडूही आलं. कोणत्या क्रमाने आलं ते आता विचारू नकोस.

त्या दुपारी माझ्याबरोबरची सिस्टर शेजारच्या बेडवर मदतीला गेली आणि मला दाराजवळच्या पेशंटपाशी उभं करून गेली. बस चालवणारे एक गृहस्थ. तोंडात श्वासाची नळी, पण शुद्ध थोडी थोडी येत होती. वॉर्ड शांत होता. तेवढ्यात दार थोडं ढकलून एक बाई डोकावल्या. हातात चष्म्याचं घर. म्हणाल्या, यांचा चष्मा राहिला होता, दोन मिनिटं भेटू का?

मी काय म्हणाले ते आईने ऐकलं असतं तर? मी म्हणाले, भेटायची वेळ संपली आहे, बाहेर बसा, काही असलं तर आम्ही बोलावू.

मामा, हीच वाक्यं. अक्षरन् अक्षर. बाबा गेल्यानंतर सुरुवातीला आई त्या दारातल्या, तिला बाहेर बसवणाऱ्या सिस्टरची नक्कल करायची, अगदी तशीच. मला कुणी शिकवलेली नव्हती. आणि ती मी आपल्या घरच्या आवाजात म्हणाले, गिरणीचा पट्टा फिरत असताना पलीकडच्याला हाक मारावी तसल्या. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. त्या बाई नुसत्या बरं म्हणाल्या आणि दार लावून गेल्या.

थोड्या वेळाने सिस्टर परत आली. तिने विचारलं, त्यांच्या मिसेस आल्या होत्या का, ते डोळे उघडून दाराकडे बघतायत. मी सांगितलं की वेळ संपली होती म्हणून पाठवलं. ती रागावली नाही. तिने मला समजावलं की भेटीची वेळ असते ती गर्दीसाठी. एकच माणूस असेल, पेशंटवर काही काम चालू नसेल आणि त्याला झेपणार असेल, तर बेडपाशी जी सिस्टर आहे तिने ठरवायचं. या वॉर्डात पहिल्यापासून असंच चालतं. बहुतेक ठिकाणी असं काहीतरी असतंच, पण नव्या मुलींना ते कुणी सांगत नाही. आणि सांगितलं तरी त्या नाहीच म्हणतात, कारण नाही म्हटलं की कुणी जाब विचारत नाही. मी बाहेर धावले. बाक रिकामा होता. शिपायाने सांगितलं की त्या बस पकडायला गेल्या.

मशीनला मी भीत नाही. मरणालाही, वाटतं, हळूहळू सरावेन. पण तो नकार माझ्या तोंडात तयार होता, मामा. विचारसुद्धा करावा लागला नाही. बाबांच्या वेळी दारात जी होती ती कोणी दुष्ट बाई असणार असं मी लहानपणापासून धरून चालले होते. ती कदाचित माझ्यासारखीच असेल, नवी. आणि मी तिच्यासारखीच होणार असेन, तर आईच्या समोर कोणत्या तोंडाने उभी राहू?

आता सांग. आणि आईला यातलं काही बोलू नकोस.

तुझ्या आशीर्वादाची नेहमीपेक्षा जरा जास्त गरज असलेली,
भिंगरी


दि. १८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

ताईला बोललो नाही आणि बोलणारही नाही. पण मला वाटलं ते स्पष्ट लिहीन म्हणालो होतो, तर लिहितो.

ज्या आठवड्याचा हा सगळा त्रास आहे तो आठवडा तुझा नाही आणि माझाही नाही, तो ताईचा आहे. त्या दारावर बोलायचा हक्क तिचा. तू मला विचारलंस, मी तुला समजावलं, आणि ज्या बाईसाठी हे चाललं आहे ती तिकडे चाळण्या झाडते आहे. यात काहीतरी चुकतंय. मला जे लिहिलंस तेच तिला लिही. गोड करू नकोस. तुझ्या आईला दुधात पाणी लगेच कळतं.

ती रागावेल. मला ठाऊक आहे, कारण ती माझ्यावर तुझ्याहून जास्त वर्षं रागावत आली आहे. तरीही लिही. नोकरी घे की नको, हे मी त्यानंतरही सांगणार नाही. तू कुठेही गेलीस तरी रोज सकाळी देवापुढे तुझं नाव निघेल, ते काही नोकरी बघून निघत नाही.

प्रकृतीला जप. आहे त्याहून लोभ वाढला तर कळव, कमी झाला तर कळवू नकोस.
तुझा,
मामा


दि. २४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गिरणीत दळण चालू असतानाच वाचलं, त्यामुळे एकीचं पीठ जाडं निघालं आणि तिने मला चार शब्द ऐकवले. तुझ्या मामाने मध्ये पडून ते परत दळून दिलं. मला लिहायला उशीर झाला, कारण आधी दोन पत्रं लिहून फाडली.

पहिल्या पत्रात तुला खूप बोलले होते. माझ्याच पोरीने तेच शब्द काढावेत, असं. ते फाडलं, दुसरंही अर्ध्यावर फाडलं.

मग त्या दारातल्या मुलीला आठवत बसले. बाबांच्या वेळच्या. इतक्या वर्षांत माझ्या मनात ती थोराड झाली होती. जाड, चाळिशीची, कपाळाला आठ्या. तुझं पत्र वाचल्यावर नीट आठवून बघितलं. केसात पेन खोचलेलं होतं. बूट नवे होते आणि चावत असावेत, कारण माझ्याशी बोलताना ती एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकत होती. बोलताना ती माझ्याकडे न बघता मागे बघत होती, कुणी आपल्याला ऐकतंय का असं. लहान होती गं ती. हे सगळं मी तेव्हाही पाहिलं असणार, नाहीतर आज आठवलं कसं असतं?

म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. तो जाईल असंही मी म्हणत नाही. तुझे बाबा आत होते आणि मी बाहेर होते, ते कोणी लहान होतं म्हणून बदलत नाही. तिला आत घेता येत होतं आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, हे तर ऐकायलाच नको होतं असं दोन दिवस वाटलं. आता तो राग कुठे ठेवायचा ते मी बघेन. तो माझा आहे. तू त्याची जागा शोधू नकोस.

नोकरीचं म्हणशील तर, माझ्यासाठी ती घेऊ नकोस आणि माझ्यासाठी सोडूही नकोस. इथे जवळ आलीस तर रोज डबा भरून देईन. पण रोज तुला जाताना बघून मला वाटेल की ही माझ्या दारामुळे अडली. तो डबा तुलाही गोड लागणार नाही आणि मलाही भरावासा वाटणार नाही. तुला ती सकाळची उशाशी उभं राहून पेशंट हवाली करायची रीत आवडली असं मामाला लिहिलं होतंस म्हणे. एवढंच त्याने सांगितलं, बाकी काही नाही. ती आवडली असेल तर त्यासाठी जा.

आणि एक सांगते. तुलाही कधीतरी कुणाला बाहेर ठेवावं लागेल. तेव्हा ते माणूस ओरडलं तर ओरडू दे. मी ओरडले नाही, नुसतं बरं म्हणाले. तेच अजून गिळलं जात नाही.

अंगावर दुखणं काढू नकोस. मामा आशीर्वाद सांगतो आहे, गिरणीच्या आवाजात.
तुझी,
आई


दि. २१ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मला रुजू होऊन दीड महिना होत आला. फोनवर तू नेहमी जेवलीस का एवढंच विचारतेस, म्हणून हे लिहून पाठवते. मामाला मोठ्याने वाचून दाखव, नाहीतर तो निम्मं ऐकेल.

बस चालवणारे ते गृहस्थ मी रुजू होण्याआधीच बरे होऊन घरी गेले. त्यांच्या बाईंना माझ्याकडून काही सांगायचं राहूनच गेलं. ते आता तसंच राहणार.

सुरुवातीला मी दार जरा जास्तच उघडलं. एका आजोबांच्या सुनेला आत घेतलं आणि त्याच वेळी डॉक्टर त्यांच्या मानेत नळी घालायला आले. सून बघून चक्कर येऊन पडली. एका पेशंटऐवजी दोन झाले. माझ्या सीनियर सिस्टरने मला आत नेऊन चांगलं झापलं. म्हणाली, दार उघडणारी चांगली आणि लावणारी वाईट, असं काही तुझ्या डोक्यात असेल तर ते आधी काढ, बेडकडे बघ आणि मग ठरव.

काल मी एकाला आत घेतलं नाही. वडील माझ्या बेडवर होते, मुलगा लांबून प्रवास करून थेट आला होता, हातात बॅग तशीच. नेमकी तेव्हाच डॉक्टर त्यांची श्वासाची नळी बदलत होते आणि श्वास अडत होता. मी सीनियरला बेडपाशी बोलावलं आणि दारापर्यंत गेले. त्याला सांगितलं की आता आत येता येणार नाही, का येता येणार नाही, आत काय चाललं आहे, आणि संपलं की मी स्वतः न्यायला येईन. हळू आवाजात सांगितलं, आई, तो आवाज मला आता काढता येतो. तो ओरडला. सगळ्या बाकांवरची माणसं बघायला लागली. तुम्हाला काय जातं नाही म्हणायला, असं तो म्हणाला. मी मान खाली घातली नाही आणि उलटही बोलले नाही. त्याचं बोलून संपेपर्यंत तिथेच उभी राहिले, मग आत गेले.

काम झाल्यावर त्याला न्यायला गेले. तो उठून माझ्या मागून आला, माझ्याकडे बघितलं नाही, आभार वगैरे काही नाही. मी त्याच्या वडिलांच्या कानाशी सांगितलं की मुलगा आला आहे. मग स्टूल बेडजवळ ओढून दिलं, त्याची बॅग हातातून घेऊन भिंतीशी ठेवली, आणि पडदा लावून बाहेर उभी राहिले.

मी जेवते आहे. तुझा लोभ तिकडे आहे तेवढाच इकडेही पोचतो, हे तुला माहीत असू दे.
तुझी,
भिंगरी