रुद्रातली अडलेली ओळ

शनिवार, संध्याकाळ. लाखनी

आज रुद्र म्हणताना गुरुजी मध्येच थांबले. चाळीस वर्षं पाठ असलेली ओळ! स्वर दाखवणारा त्यांचा हात वरच राहिला. मला वाटलं, माझंच चुकलं. मी पुढचा शब्द म्हटला, तेव्हा कुठे हात खाली आला.

निघताना काकूंनी, त्यांच्या बायकोनं, दारात गाठलं. "सोमवारी देवळात त्याईच्या बाजूले बस. अटकले तं हळूच सांगजो. पण त्याईले समजू नको देऊ."

'हो' म्हणून बसले. पण घाबरले की माझाच स्वर चढतो. आणि तो वर राहिलेला हात... पुन्हा तसंच झालं, सगळ्यांसमोर, तर?

चपला घालत होते, तेवढ्यात आतून गुरुजींचा आवाज आला, "पोरी, सोमवारी मोठ्यानं म्हणजो. मले ऐकू आलं पाहिजे."

काकू आणि मी एकमेकींकडे पाहतच राहिलो.