पाण्यावरचे चार उंदीर

प्रिय ठकू,

सोमवारी तू अहवाल सरांच्या हाती देणार आणि त्यावर तुझी तीन वर्षं तोलली जाणार. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र वाचल्याशिवाय तो देऊ नकोस. आणि बसून वाच, उभ्याने वाचण्यासारखं नाही.

परवा तू प्राण्यांच्या खोलीत नाचतच आलीस. वेलीच्या अर्काने काम केलं म्हणालीस. नुसतं पाणी पाजलेले उंदीर तापल्या तव्यावर सहा-सात सेकंदांत पाय चाटू लागले, अर्क पाजलेले बारा-तेरा सेकंद शांत उभे राहिले, म्हणजे वेदना उशिरा जाणवली. मीही हसलो. पण ते सेकंद मोजणारा मीच. मोजणीच्या दिवशी तू तापाने फणफणली होतीस आणि घड्याळ माझ्या हातात देऊन घरी गेली होतीस.

तुझी यादी उलटसुलट होती. एक पाण्याचा, दोन अर्काचे, पुन्हा पाण्याचा. मला वाटलं, तापात पोरीने गोंधळ घातला. तीस वर्षं पिंजरे ओळीत लावणारा माणूस मी, पसारा दिसला की हात शिवशिवतात. शेपटीवरच्या खुणा बघून आधी पाण्याचे सगळे उरकले, मग अर्काचे. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं तुम्हा पोरांच्या टेबलापाशी उभं राहून शिकलो, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो. ती यादी तू मुद्दाम तशी केली होतीस, हे आता कळतंय.

त्याहून मोठी चूक पुसण्यातली. प्रत्येक उंदरानंतर तू तवा कोरड्या कापसाने पुसतेस. मी ओल्या फडक्याने पुसला, अगदी लखलखीत, आणि हिरवा दिवा दिसला की ताव आला असं धरून चाललो. काल जेवणाच्या सुट्टीत मनात पाल चुकचुकली म्हणून तसंच वीसदा पुसलं आणि सुटा तापमापक टेकवून पाहिला. पंचावन्न हवं. दिवा हिरवाच, आणि पारा एकावन्नावर. मग कुणाला न विचारता शेजारच्या पिंजऱ्यातले चार उंदीर घेतले, फक्त पाण्यावरचे, आणि त्या उतरलेल्या तव्यावर एकेक करून ठेवले. चौघेही बारा सेकंद उभे राहिले. अर्काचा थेंबही पोटात नसताना. म्हणजे त्या दिवशी आधीच्या पाण्याच्यांना तापलेला तवा मिळाला, नंतरच्या अर्काच्यांना निवलेला.

खोटं कशाला बोलू, झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी असंही मनात आलं. चार महिन्यांनी मी निवृत्त होणार, मग कोण विचारतंय? संध्याकाळी तुमच्या घरी आलो तो सांगायलाच, पण तू आकड्यांचा तक्ता भिंतीला लावत होतीस, आणि मी तुला टाचण्याच देत राहिलो. निघताना ताई चौकट धरून, गुडघा दाबत कशीबशी उठली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "लेकीचं औषध मला कधी मिळेल रे? सोमवारी तिचं काम पक्कं झालं की या डॉक्टरच्या गोळ्या सोडणार आहे मी." ठकू, सख्ख्या बहिणीपुढे मी मान डोलावून आलो.

फोन केला असता तर तू आधी रडली असतीस, आणि मग मामाला वाचवायला सगळं यंत्रावर ढकललं असतंस. तुला मी पुरता ओळखून आहे. म्हणून कागदावर लिहिलं. यातला माझ्या चुकांचा मजकूर तेवढा वेगळा उतरवून, खाली सही करून, आज सकाळी सरांच्या टेबलावर ठेवून आलोय. तुझ्याकडे कुणी बोट दाखवू नये एवढ्यासाठी. तू हे वाचशील तोवर त्यांनी वाचलेलं असेल. आईला मात्र तूच सांग, आजच, तिने गोळ्या सोडायच्या आत. वेल खरीही असेल, चार उंदरांनी तिला खोटं ठरवलेलं नाही. नव्याने मोज, तुझ्या यादीने, तुझ्या हाताने. मला त्या खोलीत पुन्हा येऊ देतील की नाही, माहीत नाही. उद्यापासून पिंजऱ्यांतल्या पाण्याच्या बाटल्या कोण भरतंय, तेवढं बघशील.

रागावलीस तरी तुझाच,
मामा