चुकांचा रकाना

नाना, तुम्ही गेल्यावर घर शांत झालं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. तुमची आठवण वगैरे येत नाही. एक प्रश्न विचारायचा राहून गेलाय, म्हणून लिहितोय. मी जर्मनीत एर्लांगेनला असतो, स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे, आणि गेली काही वर्षं अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाच्या नादी लागलोय. संघ रडका आहे, पण खेळ तुम्हाला फार आवडला असता. क्रिकेटमध्ये कॅच सुटला तर स्कोअरकार्डावर त्याची खूणसुद्धा राहत नाही, ही तुमची जन्माची तक्रार. इथे फलकावर पहिल्या रकान्यात धावा, दुसऱ्यात हिट, म्हणजे फलंदाजाने स्वतःच्या कर्तबगारीवर मारलेले यशस्वी फटके, आणि तिसऱ्यात क्षेत्ररक्षकांच्या चुका. त्याला एरर म्हणतात, आणि तो कोणाच्या हातून झाला तेही नावानिशी नोंदतात. आपल्या जेवणाच्या पाटावर जे तोंडी चालायचं, ते ह्या लोकांनी नियमात बसवलंय.

तो रविवार तुम्हाला आठवत असेलच. ग्राउंडवर तुम्ही अंपायर, मी मिडऑफला, आणि आमंत्रण देऊन बोलावल्यासारखा अलगद आलेला कॅच माझ्या हातातून पडला. घरी आलो तेव्हा आई पुऱ्या तळत होती आणि काका जेवायला आले होते. तुम्ही तिच्या हातातला झारा घेतलात, तेल निथळू दिलंत आणि काकांसमोर धरून म्हणालात, "हे बघ आमच्या चिरंजीवांचे हात. काही म्हणून राहत नाही त्यात." काका हसले. आईही हसली, कढईतली पुरी करपली तेव्हा कुठे थांबली. त्या दिवसापासून मी झाऱ्या. दहावीच्या निकालाला झाऱ्या, नोकरीच्या पेढ्यांना झाऱ्या. माझ्या लग्नात व्याह्यांनाही ती गोष्ट तुम्ही साभिनय सांगितलीत, आणि पुढच्याच वर्षी गेलात. प्रत्येक वेळी मी तुमच्या तोंडाकडे बघत असे. मी सुधारावं म्हणून हे चाललंय, की ह्या माणसाला नुसती मजा येतेय? एवढंच विचारायचं होतं.

तुमची शिकवणी मात्र वाया गेली नाही. तिकडचे सामने आमच्या पहाटेपर्यंत आटोपतात. सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसलो की मी बातम्या वाचतो आणि चाहत्यांच्या फोरमवर इंग्रजीत शेरे मारतो. लोक माझ्या शेऱ्यांची वाट बघतात. ह्या मोसमाच्या सुरुवातीला मालकांचं निवेदन आलं, की संघ तरुण आहे, चाहत्यांनी धीर धरावा. मी लिहिलं, आम्ही धीर धरतो, तुमच्या पोरांना निदान चेंडू धरायला सांगा. उन्हाळ्यात मॅनेजरला काढलं, तेव्हा लिहिलं की गाडी दरीत गेल्यावर ड्रायव्हर बदलला. एकुलता एक चांगला पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर, दुसऱ्या संघाला देऊन टाकला, तेव्हा मी त्याचं सुटकेबद्दल अभिनंदन केलं. पण माझा खरा खुराक म्हणजे आमचा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला हा क्षेत्ररक्षक, आणि चेंडू ह्याच्या पायांतून आरपार. त्यात घरच्या मैदानावरचा स्कोअरर इतका मायाळू, की ह्याच्या चुकाही समोरच्याच्या नावावर हिट म्हणून घालायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. आपल्या घरात बाब्या नेहमी दुसऱ्याचाच असायचा, त्यामुळे मला हे पक्षपाती प्रेम सोसत नाही. शेवटी शॉर्टस्टॉपला खालच्या लीगमध्ये पाठवल्याची बातमी आली. तिथे गावोगाव बसने फिरावं लागतं. मी लिहिलं, बरं झालं, प्रवासात हातांना काम नसतं. बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, नाना अजून आपल्याकडेच राहतात.

तुम्ही न पाहिलेली तुमची नात इथल्या क्लबात खेळते, तीही शॉर्टस्टॉप. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. क्लबात पालकांना कामं वाटून देतात. कोणी केक आणायचा, कोणी ग्रिलवर उभं राहायचं. मी रीतसर कोर्स करून स्कोअररचं लायसन्स काढलं. हिट की एरर, हे तिथे मी ठरवतो. परवाच्या सामन्यात चेंडू जमिनीलगत सणसणत येतो, तिच्या पुढ्यात वेडावाकडा उसळतो, ग्लोव्हच्या टोकाला लागून मागे जातो. फलकावर पाट्या लावणारी एक आई माझ्याशेजारी बसलीय. "हिट, ओडर?" हिटच ना, असं ती विचारते, आणि हिटच्या रकान्यातली पाटी बदलायला उठतेसुद्धा. चेंडू अवघड होता. मोठ्या माणसालाही आवरला नसता. शंका असेल तर फलंदाजाला द्यावं, हे कोर्समध्येच शिकवतात. "नाइन," मी जर्मनमध्ये नकार देतो, "एरर." बाई माझ्याकडे बघत राहते, मग मुकाट्याने तिसऱ्या रकान्यात एकची पाटी अडकवते. मुलगी फलकाकडे बघते. माझ्याकडे बघत नाही.

परतताना ती गाडीत मागे बसली. घर जवळ आल्यावर, सिग्नलला, एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "बाबा, तुला मजा आली?"

रेगेल इस्ट रेगेल, नियम म्हणजे नियम, असं मी तिला जर्मनमध्ये सांगितलं. आता शनिवारी सामना आहे, आणि मी येऊ नये असं तिने आईकरवी कळवलंय.

तेव्हा नाना, हे पत्र कुठे टाकायचा प्रश्न नाही, आणि तुम्हाला विचारायचंही काही उरलं नाही. ती पाटी लागली तेव्हा मला मजा आली. खूप आली.