कोपऱ्यातली तगर

३ ऑक्टोबर
बेळगावात कॅम्पातल्या बंगल्यावर माळी म्हणून लागलो. सातवीनंतर आज पेन धरलाय, अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. खोली झक्कास, खिडकीला टेकून तगर, जास्वंद. निपाणीहून निघताना आईनं तंबाखूचा चुरा बांधून दिला, किडीवर काढा मार म्हणाली. मालकीण पद्मजाबाई म्हणाल्या, लेकीच्या, श्रियाच्या साखरपुड्याला बाग हिरवी दिसली तर कायमचा ठेवू. मग आईला इथंच आणीन.

६ ऑक्टोबर
तगरींवर अळ्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, डोक्यामागं दोन निळे ठिपके, डोळ्यांगत. स्वयंपाकाच्या मालुबाई म्हणाल्या, आधीचा माळी शामूअण्णा त्यांना मारायचा न्हाय, वेचून कोपऱ्यातल्या तगरीवर सोडायचा. ती तगर त्यांच्या वाट्याची, तिला हात लावू नको रं बाबा. मी म्हणालो, मग ताटंबी वाढा की त्यांना. हसल्या न्हाईत.

९ ऑक्टोबर
दारापुढच्या तगरीच्या नुसत्या काड्या! पाहुण्यांपुढं पद्मजाबाई म्हणाल्या, ह्याच्यापेक्षा बकरी बांधली असती तर दूध तरी मिळालं असतं. सगळे हसले. माझे कान तापले. काढा उकळला, पण फवारला न्हाय. एकेक अळी चिमटीत धरून उकळत्यात सोडली. कोपऱ्यातल्याबी. सावकाश, मजा घेत. हिरवा रंग सुटून काळ्या पडायच्या. उरलेला काढा तसाच कढत त्या तगरीच्या मुळात ओतला. घ्या म्हणालो, तुमचा वाटा.

११ ऑक्टोबर
कोपऱ्यातली तगर वाळली. बाकी बागेला नवी पालवी, एक अळी न्हाय. पद्मजाबाई खूश. फक्त दोरीवरचा माझा हिरवा शर्ट कुरतडलाय. उंदीर असतील.

१२ ऑक्टोबर
चादरीतले हिरवे पट्टे गेले. लाल तसेच. आईच्या पिशवीचा हिरवा काठ गेला. उंदराला रंग कळतो व्हय? मालुबाई म्हणाल्या, तू त्यांचा रंग काढून घेतलास, त्या तो परत नेतायत.

१३ ऑक्टोबर
मालुबाईंनी कंग्राळीहून तगरीचं रोप आणलं. कोपऱ्यात लावून हात जोडले. अळ्या त्याला शिवल्याबी न्हाईत. माझ्या खिडकीच्या गजांवर बसल्यात — काळ्या, उकडलेल्या. डोळे तेवढे निळे. पळून जावं तर उद्या साखरपुडा. आईला काय सांगू —

१४ ऑक्टोबर
बाग बघून लोक वा वा करतायत. पद्मजाबाई म्हणाल्या, युवराज, आता तू कायमचा.
जत्रेत दंडावर नाव गोंदवलंतं. हिरवं. सकाळी बघतो तर 'युव' एवढंच — पुढचं न्हाय. रक्त न्हाय, दुखत न्हाय. कडा पानागत —

पुन्हा १४
दार लावलं. मालुबाई बाहेरून ओरडतायत, हिरवं असंल ते फेक रं लेकरा. फेकलं सगळं. दंडबी कोरा झाला. आता काय न्हाय माझ्याकडं, काय —
दाराखालनं येतायत. वहीकडं न्हाय. हाताकडं.
मनगटाच्या शिरा — ह्या एवढ्या हिरव्या कधीपास्नं —