निरोप्याला झोप कशी यावी

आदरणीय विहीणबाईंना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण माझा गुडघा हल्ली साष्टांगाला तयार नसतो, आणि अंगाला जमत नाही ते कागदावर खोटं कशाला घालायचं? तेव्हा उभ्या उभ्या नमस्कार घ्यावा. तुमची कंबर कशी आहे? रक्तदाब जागेवर आहे ना? माझं बरं आहे. (विचारणारं कुणी नसलं की बरंच असतं.) मी चौथीतून शाळा सोडली आणि तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, तेव्हा माझ्या वेलांट्या जिथे उलट्या दिसतील तिथे वाचताना सुलट करून घ्या. लाल शाईने मात्र परत पाठवू नका.

आनंदाची बातमी आधी सांगते, नाहीतर मी बोलता बोलता भलतीकडे जाईन. आपली नात खारूताई झोपायला लागली! चांगली गाढ, तोंड उघडं टाकून झोपते. खोकलाही पळाला आणि डोळ्यांखालचं काळं गेलं. शाळेत चित्रं काढता काढता चित्रावरच डोकं टेकायची, तेही थांबलं. मला इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. दूधवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं झालं आजी, पिशवी धरा."

तर झालं असं. लेकीचा फोन आला, "आई, येतेस का? पोरगी झोपतच नाही गं, सारखी आजारी पडते." तिचं बोलणं संपायच्या आत माझी पिशवी भरून झाली होती. (पोर आजारी आणि मी खुशीत, अशी माझी गत. पण कुणीतरी 'येतेस का' म्हटलं होतं ना!) गेल्या गेल्या आम्ही मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरीला पुढून मागून तपासून त्या म्हणाल्या, "औषध देते, पण घरातलं आणि आजूबाजूचं वातावरण आधी सुधारा."

आता वातावरण हा शब्द मी रेडिओवर ऐकलेला. तिथे ते ढगाळ तरी असतं नाहीतर कोरडं तरी. म्हणून घरी आल्याबरोबर मी सगळ्या खिडक्या उघडल्या. तुमच्या चिरंजीवांनी हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं, आणि यंत्राची शुद्ध हवा बाहेर जायला नको म्हणून लेकीनं खिडक्या लावल्या. मी उघडायची, ती लावायची आणि यंत्र मधे बसून आम्हा दोघींवर गुरगुरायचं. पोरगी आपली टक्क जागी.

मग मी बाहेरचं वातावरण हातात घेतलं. समोर दातांचा दवाखाना आहे. त्याच्या पाटीवर माणसाएवढा दात आहे, तो अंधार पडला की पेटतो, विझतो, पेटतो. त्याचा उजेड थेट खारूताईच्या भिंतीवर. मी खिडकीला जाड चादर टांगली आणि दात उपटला. राहिला पलीकडच्या भिंतीतून येणारा टीव्हीचा आवाज. तिथे एक म्हातारे घड्याळजी एकटेच राहतात. ऐकू कमी येतं. मी दारात उभी राहून ओरडले, "आवाज कमी करा!" ते म्हणाले, "या या, आत्ताच सुरू झालीय," आणि माझ्यासाठी आवाज आणखी वाढवला. मी आणखी ओरडले, तर मोठ्या मायेनं म्हणाले, "तुम्हालाही कमी ऐकू येतं वाटतं?" काय करणार, बसले. मालिका संपेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीही तक्रार घेऊन गेले, तिसऱ्याही. (तक्रारच करायला जात होते हो. ती पोहोचायला जरा वेळ लागला, आणि त्यांचा चहाही वाईट नव्हता.) शेवटी तुमच्या चिरंजीवांनी त्यांना कानात घालायची वायर लावून दिली आणि भिंत गप्प झाली.

एवढं करूनही पोरगी घुबडासारखी जागी! मग माझं लक्ष आतल्या वातावरणाकडे गेलं. म्हणजे आधीही गेलं होतं, पण पाहुण्या बाईनं किती बघावं? विहीणबाई, त्या घरात अबोला होता. कारण विचाराल तर नवा फ्रिज. तुमच्या चिरंजीवांना तो ओट्याजवळ हवा, माझ्या लेकीला दाराजवळ. कुणीच हटेना, म्हणून फ्रिज स्वयंपाकघराच्या मधोमध, वायर ताणून, आणि आम्ही सगळे त्याच्या भोवती फिरतोय. दोष कुणाचा हे मी लिहीत नाही. लेक माझी आहे, चिरंजीव तुमचे आहेत, तराजू सरळ ठेवलेला बरा. (तरी ओट्याजवळ म्हणजे अगदीच काहीतरी.)

अबोला असला तरी संसार बोलल्याशिवाय चालतो का? सगळे निरोप खारूताईकडून.

"खारू, बाबांना सांग, गॅस संपलाय."

"बाबा, गॅस संपलाय."

"आईला सांग, मला नाक आहे, मी नंबर लावलाय."

"आई, बाबांना नाक आहे."

एवढीशी पोर फ्रिजला वळसे घालत दिवसभर पळायची. सुरुवातीला मला हसू यायचं. एका रविवारी दुपारी मी तिला कुशीत घेऊन थोपटत होते. डोळे मिटायला आले की ती दचकून उठून बसायची. म्हटलं, "अगं, झोप ना बाई." तर म्हणते कशी, "आजी, मी झोपले आणि आईला काही सांगायचं झालं, तर बाबांना कोण सांगणार?"

विहीणबाई, माझा थोपटणारा हात तसाच राहिला. दात झाकला, हवा धुतली, शेजारची भिंत गप्प केली, आणि पोर बिचारी पहाऱ्यावर बसली होती! चादर, यंत्र हेही हवंच, नाही असं नाही. दिवा डोळ्यांवर नाचत असेल तर कुणाला झोप येईल? पण घरात दोघांत बोलणं नसेल, तर तिनं कितीही जाड चादरीत डोळे मिटले तरी कान उघडेच राहणार.

मी तिला म्हटलं, "तुझी आजपासून बदली. निरोपाचं खातं आता माझ्याकडे." आणि खातं मी माझ्या पद्धतीनं चालवलं. चिरंजीव म्हणाले, "सांगा तिला, भाजीत मीठ नाही." मी आत जाऊन सांगितलं, "भाजी फार आवडली त्यांना, थोडं मीठ मागतायत." लेक म्हणाली, "म्हणावं, उठून घ्या." मी बाहेर येऊन सांगितलं, "आणतेच म्हणाली." आणि मीठ मीच नेलं. काही दिवस बरं चाललं. पण गोड करताना माझा हात सढळ आहे हे तुम्ही माझ्या चहावरून जाणताच. एकदा चिरंजीव कुरकुरले, "निळ्या शर्टाला अजून इस्त्री नाही." मी लेकीला सांगितलं, "ते म्हणतात, तू दमतेस, शर्ट राहू दे."

तिची इस्त्री हवेतच थांबली. "असं म्हणाला तो?"

"म्हणाले म्हणजे काय! डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

इथे माझं चुकलं. लेक तरातरा बाहेर गेली. "काय रे, तू रडलास?"

"मी? कधी?"

आणि बोलले की हो एकमेकांशी! मग दोघं एकदमच माझ्याकडे वळले. मी फ्रिज उघडून आत डोकं घातलं. आधी लेक हसली, मग चिरंजीव, आणि त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून फ्रिज खिडकीजवळ ढकलला, जिथे तो ठेवा असं मी आल्या दिवशीच सांगितलं होतं. ढकलताना फरशी अशी किंचाळली की बस्स. त्यातच घड्याळजींची वायर निघाली आणि मालिकेतली सासू भिंतीतून गर्जायला लागली. मी धावत आत गेले, तर खारूताई ढाराढूर!

मग काय, माझं काम झालं. लेक म्हणाली, "आई, आमच्यापायी तुझी फार धावपळ झाली, आता घरी जाऊन आराम कर." मलाही आराम हवाच होता. चिरंजीवांनी बसचं तिकीट काढून दिलं, खिडकीची जागा. गुणाचे आहेत, ओट्याचं सोडलं तर.

तब्येतीला जपा.

तुमची विहीण
(मुलीकडची म्हणून मानाला खाली, पण वयाला वर)

ता. क. हे वाचून चिरंजीवांना फोन करून ओरडू नका. ते तुमच्यावर अबोला धरतील, आणि निरोप पोहोचवायला मी परत जाणार नाही. (बोलावलं तर जाईन.)

पुन्हा ता. क. वर 'आराम हवाच होता' असं लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. निघाले तेव्हा सकाळ होती आणि खारूताई झोपलेली. लेक म्हणाली, "उठवू का?" मीच म्हटलं, "नको गं, केवढ्या खटपटीनं झोपलीय." चप्पल घालायला मी जरा जास्तच वेळ लावला. पण नाही उठली. झोप अगदी उत्तम लागते हो तिला आता.

शेवटचा ता. क., आणि पत्र खरं यासाठीच. मला इथे झोप येत नाही. हे गेल्यापासून खोलीत इतकं शांत असतं की माझेच श्वास मला मोजता येतात, आणि मोजायला लागलं की ते चुकतात. तुमचे थोरले चिरंजीवही दूर राहायला गेले, म्हणजे तुमचंही घर गप्पच असणार. धाकटे, म्हणजे आमचे जावईच, बोलता बोलता म्हणाले की तुम्ही घोरता, अगदी खिडकीची तावदानं हलतील इतकं. (रागावू नका, अभिमानानं म्हणाले.) तर महिनाभर माझ्याकडे या. उशी आणू नका, माझ्याकडे दोन आहेत. दुसरीचा अभ्रा मी दर आठवड्याला धुते, मळत मात्र नाही.