मिठागरावरचा चंद्र

९ मार्च
मिठागराजवळची भाड्याची खोली

चि. बायो,

तुला, जावईबापूंना आणि चिमणीला पोटभर आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे; गुडघा कुरकुरतो, पण अजून संपावर गेलेला नाही.

तुझे पत्र मिळाले. त्याविषयी नंतर लिहितो. आधी एक कोडे. उगवता चंद्र डोळ्यांना ताटाएवढा दिसतो आणि फोटोत मात्र वाटाण्याएवढा उमटतो, हे तूही पाहिले असशील. यात मोबाईलचा दोष नसतो. चंद्र आकाशात खरोखर तेवढीच जागा व्यापतो. क्षितिजावरच्या झाडाघरांशेजारी तो आला, की आपले मनच त्याला मोठा करते. मग कॅमेऱ्यात तो मोठा कसा आणायचा? समोरच्या माणसापासून लांब जाऊन! आपण मागे सरकतो तसा माणूस लहान दिसू लागतो, चंद्र मात्र तेवढाच राहतो. पुरेसे लांब गेलो, की दोघे एका मापाचे होतात. मग दूरचे टिपणारी लेन्स दोघांनाही सारखेच मोठे करते.

परवाच्या पौर्णिमेला हे करून पाहिले. इथल्या मुकादमबाई मीठ ओढायचे लाकडी दांडके खांद्यावर घेऊन मिठाच्या राशीवर उभ्या राहिल्या. मी बांधावरून उलटा चालू लागलो.

"अहो काका, फोटो काढायचाय की पळून जायचंय?"

"लांबून जास्त चांगल्या दिसता!"

"आमचे हेही हेच म्हणतात!"

सगळे मिठागर हसले. मी चालतच राहिलो. आणि त्यांच्या पाठीमागून तो वर आला. तांबूस, अफाट, निःशब्द. बाई दांडक्यासकट त्याच्या आत मावल्या. ज्याची आकृती जन्मभर फळ्यावर काढली, ते असे साक्षात समोर उभे राहिल्यावर बटण दाबायचेही भान उरले नाही. बाईंनी दांडके हलवले, तेव्हा कुठे बोट हलले.

'पळून' हा शब्द तुझ्याही पत्रात आहे. 'आई गेली आणि तुम्ही कॅमेरा घेऊन पळालात. आता पुरे. तुमची खोली तयार आहे.'

बायो, तुझी आई गेली त्या घरात मी फार जवळ उभा होतो. औषधांची खोकी दिसत, रिकामा पलंग दिसे. ती दिसत नसे. परवा, इतक्या लांबून, मला ती सबंध दिसली. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली, माझ्याच कुठल्याशा वेंधळेपणावर हसणारी.

म्हणून त्या खोलीत कायमचा राहायला मी येणार नाही. येईन, मनसोक्त राहीन आणि पुन्हा निघेन. सोबतचा फोटो तिथल्या भिंतीवर लाव.

तू रागावशील. त्याआधी एवढे करून पाहा. पुढच्या पौर्णिमेला, चंद्र उगवत असताना, चिमणीला मोठ्या मैदानाच्या टोकाशी उभी कर आणि तिच्यावरची नजर न काढता मागे मागे चालत जा. ती चंद्रात मावेपर्यंत थांबू नकोस. मावली, की स्वतःलाच विचार, आपण तिला सोडून चाललो होतो का?

उलटा चालणारा, पण तोंड तुझ्याकडेच असलेला,
तुझा बाबा