चढावरचं गप्प होणं

४ मार्च
आडवा झालो की छातीत आग. आंबट पाणी थेट घशाशी! उठून भिंतीला टेकून बसलो. माझ्या वयात हार्ट अटॅक येतो का? विचारू कुणाला? मुकादम म्हणतो, कुणावर तरी जीव जडलाय तुझा.

६ मार्च
गेलो एकदाचा दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला आणि प्रश्नांची सरबत्ती. परांचीवर चढताना दुखतं? नाही — दिवसभर रंगाच्या बादल्या वर नेतो, तेव्हा काही नाही. हात, जबडा दुखतो? घाम फुटतो? नाही. जेवून लगेच आडवा होतोस? होतो. मग पित्त आहे म्हणाल्या. पण चालताना छाती आवळली आणि थांबल्यावर मोकळी झाली, तर ते हृदयाचं असू शकतं. "तेव्हा गोळ्या चघळत बसायचं नाही."
जीव भांड्यात पडला!

७ मार्च
बाबांना फोन. ते नेहमीसारखे बोलत बोलत चढ चढून पाण्याच्या टाकीवर कामाला निघालेले. पित्ताचं सांगितलं. हसले. म्हणाले, मग माझी छाती भरून येते तेही पित्तच, मीही त्याच गोळ्या आणतो. मग नेहमीचं — "थांब जरा." गप्प. थोड्या वेळाने, "हं, बोल."
इतके दिवस वाटायचं, रागाने गप्प होतात. मी इतक्या लांब आलो ते त्यांना पटलेलं नाही ना.
जेवताना घास हातातच राहिला. ते चढावरच थांबतात. दर वेळी!

८ मार्च
दवाखान्यात जा म्हटलं, तर बाबा ऐकेनात. म्हणे चढावर घाम कुणाला येत नाही? घाबरट आहेस. घरी त्यांच्याजवळ असलेल्या ताईने तर धुतलंच मला — "एका गोळीत डॉक्टर झालास होय रे?" म्हटलं, भांडू नकोस. उद्या फक्त त्यांच्याबरोबर चढ चढ आणि बघ.

९ मार्च
ताईचा फोन नाही. सारखा खिसा चाचपतोय. रंग सांडला. मुकादमाने शिव्या घालून खाली उतरवलं, मग स्वतःच पाणी दिलं.

नंतर — आला फोन. अर्ध्या चढावर बाबा कुंपण धरून उभे राहिले. शर्ट चिंब, तोंडातून शब्द नाही. ताईने तिथूनच गाडी बोलावली. मोठ्या दवाखान्यात नेलंय. आत घेतलंय. पुढचं कळत नाही. आणि मी इथे!

१२ मार्च
बाबांचा फोन, पलंगावरून. हृदयाची बंद पडत आलेली नळी मोकळी केली म्हणे. दवाखान्याचं जेवण, ताईची दादागिरी, मी घरी कधी येतोय — सगळं एका दमात बोलले. कुठेच थांबले नाहीत.
मीच म्हटलं, "थांबा जरा."